टोपी हवेत लटकली

पुणे, रविवार रात्र

प्रिय मंदार,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला पंधरा दिवस लावले, शिव्या घालू नकोस. कंपायलरच्या (कोड यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्राम) एरर मेसेजांत मान अडकली होती. चुकलेली ओळ छापायची आणि खाली नेमक्या जागी टोपीची खूण (^) ठेवायची, एवढंच काम. पुल रिक्वेस्ट (‘माझा बदल तपासून घ्या’ अशी विनंती) टाकून कॉलर ताठ करून झोपलो.

सकाळी बघतो तर कोड तपासणाऱ्या सहकाऱ्याच्या रिव्ह्यूत 14 कमेंट! पहिलीच अशी : टोपीचा कॉलम काढताना तू अक्षरं सोडून बाइट (साठवणुकीचं माप) मोजतोयस, ओळीत इंग्रजीखेरीज काही आलं तर? लागलं रे. ‘असं लिहितं कोण?’ म्हणून लांबलचक उत्तर खरडलं, नशीब पाठवलं नाही. मग त्याला खोटं पाडायला स्ट्रिंगमध्ये ‘नमस्कार’ लिहिलं आणि त्यापुढचा कंस मुद्दाम खाल्ला. डोळ्यांना अक्षरं 4, युनिकोडचे कोडपॉइंट (काना, हलन्त सुटे धरून) 7, यूटीएफ-8मध्ये साठवताना बाइट 21. टोपी ओळ ओलांडून पार हवेत! आपल्याच मायबोलीनं तोंडावर आपटवलं.

मग पडद्यावरची रुंदी मोजायला लागलो. जोडाक्षरं मात्र प्रत्येक टर्मिनल आपापल्या मर्जीनं दाखवतो, तिथे एखादं घर अजून सरकतं. तसं उत्तरात सरळ लिहून टाकलं. मेसेजातलं ‘अवैध टोकन’ काढून ‘इथे अर्धविराम हवा होता’ केलं. त्यात वाद नव्हताच.

एका मुद्द्यावर अडून बसलो. पहिली चूक दिसली की थांबायचं, असं त्याचं म्हणणं, कारण एक कंस राहिला की मागून 40 खोट्या तक्रारी येतात. ते खरंच. पण 10 चुकांसाठी 10 वेळा बिल्ड (सगळा कोड पुन्हा कंपाइल) कोण करत बसणार? मी पार्सरला (कोडची रचना ओळखणारा भाग) चूक दिसली की पुढच्या अर्धविरामापर्यंत उडी मारायला लावली. ज्याचा टाइप (आकडा की मजकूर वगैरे) कळला नाही त्याला ‘एरर’ हाच टाइप दिला, त्यावर पुढचे टप्पे गप्प. 40च्या 2 झाल्या. दोन्ही आउटपुट शेजारी शेजारी चिकटवली, तेव्हा कुठे त्याचा अंगठा आला.

गाढवपणा एक केलाच. सगळं जुन्याच कमिटमध्ये (बदलांच्या नोंदीत) कोंबून फोर्स-पुश केलं, म्हणजे आधीची नोंद पुसून नवी चढवली. बिचाऱ्याला काय बदललं तेच दिसेना, सगळं पहिल्यापासून वाचावं लागलं. माफी मागितली.

आता एकच कमेंट उरलीय : टेस्टमधल्या त्या शब्दाचा अर्थ काय? उद्या सांगतो त्याला. दिवाळीत येतोयस ना? काकूंना नमस्कार.

तुझा,
सुध्या