जुना संगणक द्या, शनिवारची एक दुपार द्या

सप्रेम नमस्कार.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या वाचनालयात दर शनिवारी दुपारी सहावी ते आठवीची मुले एचटीएमएल, म्हणजे वेबपेज लिहिण्याची भाषा, शिकायला येतात. स्वतःचे वेबपेज स्वतः लिहायला शिकतात. कुणी कदंब बसने येते, कुणी वाड्यावरून चालत. आमच्याकडे संगणक चार आहेत आणि त्यातला एक दर दोन आठवड्यांनी रुसतो. एका पडद्यापुढे चार-पाच डोकी बसतात. कीबोर्ड एकाच्या हाती, बाकीचे नुसते बघतात. बघून हे येत नाही, हाताने लिहावे लागते. म्हणून हे आवाहन.

हेच का शिकवायचे, असे गावातलेच काही पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. घरोघरी स्मार्टफोन पोचला, संगणक फार थोड्या घरांत आहे. मुले फोनवर तासन्‌तास पडदा सरकवत असतात, पण त्या पडद्यामागचा मजकूर कुणीतरी बसून लिहिलेला असतो आणि तसा आपल्यालाही लिहिता येतो, हे त्यांना कुणी दाखवलेले नसते. राज्य सरकारच्या केअर्स योजनेमुळे सहावी ते आठवीच्या वर्गांत कोडिंग आणि रोबोटिक्स आले, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. आसपासच्या शाळांतले शिक्षक स्वतःहून मुलांना आमच्याकडे पाठवतात. अडचण आहे ती सरावाची. तासिका संपली, मूल घरी गेले, की पुढच्या तासापर्यंत कीबोर्डला हात लागत नाही.

एचटीएमएलची निवड आम्ही विचार करून केली. साधा टेक्स्ट एडिटर आणि ब्राउझर एवढ्यावर काम भागते, इंटरनेट लागत नाही. ज्यांनी आषाढात वाळपईच्या पुढच्या गावांत फोन लावायचा प्रयत्न केला आहे, त्यांना याचे मोल सांगायला नको. दहा वर्षांचा जुना संगणकही पुरतो. लिहिले, सेव्ह केले, रिफ्रेश केले, की आपण काय केले ते समोर दिसते. आणि शिकलेले वाया जात नाही. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत 1989 साली वेबची कल्पना मांडली. मजकुराचा कोणता भाग काय आहे हे ब्राउझरला सांगणाऱ्या खुणा म्हणजे टॅग. 1991 मध्ये त्यांनी टॅगांची जी पहिली यादी लिहिली, तीत जेमतेम 18 टॅग होते. शीर्षक, परिच्छेद, यादी, दुवा हे त्यातले टॅग आमची मुले आजही तसेच वापरतात. 30 एप्रिल 1993 रोजी सर्नने हे सगळे तंत्र जगाला मोफत खुले करून दिले. सत्तरीतल्या सातवीच्या मुलीला आज वेबपेज लिहायला कुणाची परवानगी लागत नाही की फी भरावी लागत नाही, ते त्या निर्णयामुळे.

आणखी एक कारण आहे, आमच्या दृष्टीने सगळ्यांत मोठे. आपल्याकडची पुष्कळ मुले चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकतात आणि पाचवीला एकदम इंग्रजी माध्यमात जातात. कालपरवापर्यंत हात वर करणारे मूल मागच्या बाकावर जाऊन गप्प बसते. हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. एचटीएमएलमध्ये टॅग इंग्रजी, पण ते मोजकेच. मधला मजकूर सगळा आपल्या भाषेतला. पान मराठीत आहे हे सांगणारी एक खूण आणि अक्षरे युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या संकेतपद्धतीतली आहेत हे सांगणारी एक ओळ वर लिहिली, की झाले. मराठी टायपिंग आम्ही इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाणित कीबोर्ड मांडणीवर शिकवतो. पहिले काही शनिवार बोटे अडखळतात, मग वाचनालयात टकटक सुरू होते.

गेल्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मुलांना विषय दिला होता माटोळी, गणपतीच्या वर टांगतात ती रानफळांची-फुलांची आरास. प्रत्येकाने माटोळीतला एक जिन्नस निवडायचा, घरच्या थोरांना विचारायचे आणि त्याचे पान करायचे. घागऱ्यो, तोरिंजन, चिबूड, पोफळीचे शिपटे, नारळाची पेंड, सगळे आले. एका मुलीने कांगलां घेतली. आजोबांबरोबर रानात जाऊन वेल पाहिली, फोटो काढला, वर मोठ्या अक्षरांत नाव लिहिले, खाली माहिती. पान उघडले तर सगळाच मजकूर ठळक आणि अवाढव्य. बाकीची मुले म्हणाली, संगणक बिघडला. तिने कुणाला हात लावू दिला नाही. पडद्यावर बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेली आणि शीर्षकाचा टॅग बंद करायचा राहिला आहे हे तिने स्वतः शोधले. शेजारच्या मुलाच्या घागऱ्यांचा फोटोच दिसेना. फाइलच्या नावात पहिले अक्षर कॅपिटल आणि पानात लिहिताना स्मॉल, एवढाच फरक! विंडोजवर असे चालून जाते, लिनक्स या मोफत संगणक प्रणालीवर नाही. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी फोटोला पर्यायी मजकूर द्यायचा असतो. स्क्रीन रीडर तो मोठ्याने वाचून दाखवतो. तिथे त्या मुलीने लिहिले, ‘पिवळ्या गोल फळांचा घोस, वेलीसकट’. अचूक निरीक्षण आणि नेमके शब्द. भाषेच्या तासाला यापेक्षा वेगळे काय हवे असते?

पुढे मुलांना काजूच्या हंगामावर, झरम्याच्या चोरोत्सवावर, घरातल्या कुणी काम केलेल्या रणमाले या लोकनाट्यावर पाने करायची आहेत. विषयांची वानवा नाही. वानवा यंत्रांची आणि शिकवणाऱ्या माणसांची आहे.

विंडोज 10 ची मोफत सुरक्षा अद्यतने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली. पणजी, पर्वरी, वेर्णा इथल्या कितीतरी कार्यालयांत त्यामुळे चांगले चालते संगणक कोपऱ्यात गेले आहेत. ते आम्हाला द्या. 64 बिटचा प्रोसेसर आणि 4 जीबी रॅम असली तरी पुरे, आम्ही त्यावर लिनक्स घालतो. लॅपटॉप मिळाला तर फारच उत्तम. बॅटरी अर्धा तास टिकली तरी वीज गेल्यावर मुलाचे लिहिलेले वाचते. तुमच्या माहितीची काळजी वाटत असेल तर हार्ड डिस्क काढून ठेवा आणि बाकीचे यंत्र द्या. नाहीतर तुमच्यासमोर डिस्क पुसून देऊ. एकच विनंती, मुळीच सुरू न होणारी यंत्रे पाठवू नका. ती दुरुस्त करण्याइतके हात आमच्याकडे नाहीत आणि जागाही नाही.

ज्यांना पैशाने मदत करायची आहे त्यांच्यासाठी सांगतो. एका जुन्या यंत्राला नवी एसएसडी (वेगवान डिस्क) आणि थोडी रॅम घालून मार्गी लावायला साधारण 4 ते 5 हजार रुपये पडतात. त्याशिवाय एक इन्व्हर्टर घ्यायचा आहे. पावसात आमच्याकडे वीज सारखी ये-जा करते आणि यंत्रे बंद राहिली तर दमट हवेने बुरशी धरते, ती रोज थोडा वेळ तरी चालू ठेवावी लागतात. रक्कम कितीही छोटी असो, वाचनालयाच्या नावे चेकने द्या, पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. आयकरात 80जी खाली सूट मिळण्याची सोय आमच्याकडे नाही, हे आधीच कळवतो. जमाखर्च वाचनालयाच्या फलकावर लावला जाईल.

पण पैशापेक्षाही आम्हाला माणसांची गरज आहे. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, डिचोलीच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकणाऱ्या तरुणांनो, महिन्यातला एक शनिवार द्या. दुपारी 3 ते 5. फार मोठे ज्ञान लागत नाही. मुलाच्या हातातला माउस स्वतःच्या हातात न घेता शेजारी बसून ‘ही ओळ परत वाच बघू’ म्हणण्याचा धीर लागतो. मराठी किंवा कोकणीत बोलणारे हवेत. निवृत्त शिक्षकांनीही यावे. टॅग आम्ही शिकवू, शुद्धलेखन तुम्ही बघा.

पालकांसाठी दोन शब्द. मुलांची पाने वाचनालयातल्या संगणकांवरच राहतात. त्यांवर मुलाचे आडनाव, फोटो, घरचा पत्ता किंवा फोन नंबर घालू देत नाही. पुढे कधी ही पाने सगळ्यांसाठी इंटरनेटवर ठेवायची ठरली, तर पालकांच्या लेखी संमतीशिवाय एकही पान जाणार नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सक्तीची आहे. वर्गाला फी नाही, पुढेही असणार नाही. मुलींना अवश्य पाठवा. संध्याकाळच्या बसपर्यंत त्यांना सोडायला मंडळाचे सदस्य येतात.

यंत्रे सोमवार सोडून कुठल्याही दिवशी दुपारी 4 ते 7 या वेळेत वाचनालयात आणून द्यावीत. तीन किंवा अधिक असतील तर निरोप द्या, तिसवाडी, बार्देश, फोंडा भागांतून आम्ही गाडी घेऊन येऊ. शिकवायला येऊ इच्छिणाऱ्यांनी आधी एकदा शनिवारी येऊन वर्ग बघावा आणि मग महिन्यातला आपला शनिवार सांगावा. मे महिन्याच्या सुटीत मुलांना रोज बसवायचा विचार आहे, तेव्हा त्याआधी यंत्रे हाती आली तर बरे.

आपले,
कार्यकारी मंडळ, ग्राम वाचनालय