राता आमचा घेतलात, आता माहिती आम्हाला द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उधाणात बांधाला खांड पडली की पुढच्या पावसाळ्यात माझे आजोबा शेतातला चिखल बोटावर घेऊन जिभेला लावत. "आजून खारा हाय, पाऊस परू दे," असं ते म्हणाले की मोड आलेलं बी टोपलीतच राहायचं. बी म्हणजे काळा राता. शहरातले पाहुणे त्या भाताला नाक मुरडत, पण पेणच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतांत, मिठाला पुरून उरायचा तो हाच.

हे आठवायला निमित्त झालं 4 मे 2025 च्या घोषणेचं. त्या दिवशी दिल्लीत जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर झाले. (संपादन म्हणजे तुमचाच धंदा, फक्त इथे कात्री जनुकाला लावलेली.) त्यातला 'पुसा डीएसटी राईस 1' खाऱ्या जमिनीत तग धरतो. मुलाला बसवून मी त्याची कुळकथा वाचून घेतली. मूळ भात आंध्रातला, एमटीयू 1010. डीएसटी हे जनुक 2009 मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी उजेडात आणलं. ते बिघडवलं की पानावरची रंध्रं कमी होतात, पाणी कमी उडतं आणि रोप क्षार सोसतं. बिघडवायची कात्री म्हणजे क्रिस्पर. तिच्यासाठी शार्पांतिए आणि डाउडना या दोघी शास्त्रज्ञांना 2020 चं नोबेल मिळालं. तिच्या पेटंटांवरून अमेरिकेत वर्षानुवर्षं कज्जे चालले, तरी एकाचं ज्ञान दुसऱ्यापर्यंत पोचलं म्हणूनच ही लोंबी उभी राहिली.

आमच्यापर्यंत मात्र काही पोचत नाही. 'एक देश, एक सदस्यता' योजनेत सरकारने 6,000 कोटी रुपये घालून 13,000 शोधनियतकालिकं खुली केली, पण ती विद्यापीठांना आणि सरकारी संस्थांना. या वाणाची चौकशी करायला मी एका कचेरीत गेलो, तर साहेबांनी इंग्रजी कागदाची झेरॉक्स हातात ठेवली आणि चहा पाजला. चहा बरा होता.

पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल 1, 2, 3 हे वाण दिले, त्याबद्दल ऋणी आहोत. पण शास्त्रज्ञांच्या कागदांत 'काळा राता 1-24' असंही एक नाव आहे. तो राता आमच्यासारख्याच कुणाच्या तरी कणगीतून उचलला असणार. पीक वाण आणि शेतकरी हक्कांच्या 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला आपलं वाण स्वतःच्या नावे नोंदवता येतं. आमच्या आळीत हे माहीत असलेला एकही माणूस मला भेटलेला नाही.

तेव्हा या नव्या वाणाची चाचणी खारेपाटात, लोकांच्या डोळ्यांदेखत व्हावी आणि तिचा निकाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. बांधालगतचे दोन गुंठे मी मोकळे ठेवतो. बी द्या, सोबत एक पान मराठी द्या. पीक बुडालं तर कसं बुडालं, तेही लिहून पाठवीन.

आपला,
एक वाचक शेतकरी
ता. पेण, जि. रायगड