आधी प्लग काढून बघा

संपादक महोदय,
जुनी पॉइंटवाली (ठिणगीसाठी उघडझाप करणारे धातूचे संपर्क म्हणजे पॉइंट) बुलेट ३५० स्टार्ट होत नाही म्हटलं की बरेच गॅरेजवाले थेट कार्बोरेटर बदलायला सांगतात, हे थांबायला हवं. आधी किक मारून प्लग, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग, काढा, कोरडा असेल तर पेट्रोल येतच नाहीये, टाकीखालचा पेट्रोल कॉक नि कार्बोरेटरमधला जेट साफ करा, आणि ओला असेल तर पुसून वायरच्या कॅपमध्ये घाला, प्लगच्या होलपासून लांब इंजिनला टेकवून किक मारा, ठिणगी निळी नि कडक पाहिजे. पिवळट, मरतुकडी पडली तर पॉइंट बघा, बहुतेक वेळा काळे पडलेले असतात, बारीक पॉलिश पेपरने घासून गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा. निदान गिऱ्हाईकासमोर प्लग तरी काढून दाखवा हो, गरिबाचे पैसे जातात.
– एक वाचक, सातारा