‘माथेफिरू’ ठरवलं कोणी?

महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या पहिल्या पानावर चार कॉलमी मथळा होता : ‘माथेफिरूचा भरबाजारात कोयत्याने हल्ला’. बातमी मी दोनदा वाचली. हल्लेखोराला काही मानसिक आजार होता, डॉक्टरांनी त्याला तपासलं, असं तिच्यात एका ओळीनेही म्हटलेलं नाही. शेवटी पोलिसांचा अंदाज तेवढा दिलाय, की जमिनीच्या हिश्श्यावरून जुना वाद. मग माथं फिरलं हे ठरवलं कोणी? पोलिसांनी, की मथळ्यात मावेल असा शब्द शोधणाऱ्या उपसंपादकाने?

मी छत्तीस वर्षं कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं. या शब्दाशी माझं भांडण मात्र त्याहून जुनं आहे.

माझं लहानपण संगमेश्वर तालुक्यात, आजोळी गेलं. आमच्याकडे हट्टी पोराला ‘रत्नागिरीला पाठवू काय?’ असा दम देत, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात. पुण्याकडे येरवडा म्हणतात, मुंबईकडे ठाणं. १९६७ साली माझ्या धाकट्या मामाला खरोखरच रत्नागिरीला नेलं. मामा म्हणजे वाडीचा रेडिओ मेकॅनिक. मर्फीचा रेडिओ खोलून पडवीभर मांडायचा आणि पुन्हा जसाच्या तसा जोडायचा. त्या पावसाळ्यात त्याला वाटायला लागलं की बातम्यांत आपलंच नाव घेतात. आधी देवळात कौल लावून झाले, गाऱ्हाणी घालून झाली. बाहेरचं काही असेल म्हणून एका भगताने त्याला दोन रात्री खांबाला बांधून ठेवलं. हे सगळं वाडीदेखत झालं, त्याची कुणाला लाज नव्हती. इस्पितळाचं तेवढं कळू द्यायचं नव्हतं. आजीने सांगून टाकलं, तो मुंबईला गिरणीत लागला.

आता गिरणीत लागलेल्याचं पत्र यायला हवं. आजीला अक्षरओळख नव्हती, मी चौथीत. तिने पोस्टातून कोरी कार्डं आणवली. मी माळ्यावर बसून लिहायचे आणि संध्याकाळी तेच कार्ड ओटीवर मोठ्याने वाचायचे : ‘माझी प्रकृती उत्तम आहे. पगार झाला की पैसे धाडतो.’ शेजारच्या काकी पदराने डोळे पुसत. पुढच्या गणपतीत मला जरा जोर चढला आणि मी ‘काल ट्राममध्ये बसलो’ असं लिहिलं. ऐकायला नेमका एक चाकरमानी बसलेला. ‘ट्राम बंद होऊन चार वर्षं झाली,’ तो म्हणाला. आजी चहा टाकायला आत गेली. त्यानंतर कार्डं आली नाहीत.

मानसशास्त्र मी मामामुळे घेतलं, असं निरोप समारंभात कुणीतरी म्हणालं. खरं म्हणजे संस्कृतचा तास केला की माझी परतीची एसटी चुकायची, म्हणून घेतलं. पण प्रयोगशाळेने धरून ठेवलं. आरशात बघून चांदणी गिरवायची, निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करून घ्यायच्या. ही याद्यांची पद्धत एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाची, त्याने सगळे प्रयोग स्वतःवरच केले आणि १८८५ साली छापले. मी प्रयोज्य म्हणून, म्हणजे जिच्यावर प्रयोग करायचा ती म्हणून, आजीला बसवलं आणि यादी वाचून दाखवली. ‘याला काय अर्थ?’ असं म्हणत तिने प्रत्येक अक्षरजोडीला एकेक अर्थ चिकटवला आणि सगळी यादी म्हणून दाखवली. जर्नलमधल्या आलेखात ती काही बसेना.

दुसऱ्या वर्षाला आमच्या वर्गाची भेट इस्पितळात ठरली. मामा तेव्हा पुन्हा दाखल होता. सगळ्यांसमोर त्याने ‘बाये’ म्हणून हाक मारली तर? मी ताप आल्याचं कळवलं. पुढे प्राध्यापक म्हणून दरवर्षी मुलांना तशाच वॉर्डांतून नेलं, पण मामाचं नाव वर्गात काढायला मला एकोणीस वर्षं लागली.

शिकवताना चुकलेही. धडधाकट आठ माणसं खोटी लक्षणं सांगून मनोरुग्णालयांत दाखल झाली, हा डेव्हिड रोझेनहान या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा १९७३ चा अभ्यास मी वर्षानुवर्षं रंगवून सांगितला. पुढे त्याच्या खरेपणाबद्दलच गंभीर शंका निघाल्या, तेव्हा वर्गात शब्द मागे घेतले. जपानचं उदाहरण मात्र पक्कं आहे. तिथे स्किझोफ्रेनियाला ‘मन दुभंगण्याचा रोग’ अशा अर्थाचं नाव होतं. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने ते बदलायची मागणी लावून धरली आणि २००२ मध्ये ते अधिकृतपणे बदललं. आपण अजून ‘छिन्नमनस्कता’ लिहितो, आणि मुलं पेपरात बिनदिक्कत ‘एका माणसात दोन व्यक्ती’ असं चुकीचं उत्तर देतात. त्यांचे मार्क तरी कसे कापायचे?

माझी मागणी एवढीच, की डॉक्टरांचं निदान हाती असल्याशिवाय आणि घटनेशी त्याचा संबंध दिसल्याशिवाय ‘माथेफिरू’, ‘मनोरुग्ण’ हे शब्द मथळ्यात नकोत. आजार खरोखर असेल तर जास्तच जपायला हवं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २४ प्रमाणे, मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना देता येत नाही.

मामा औषधांनी सावरला, घरी आला. गोळ्यांमुळे हात थरथरायचा, डाख देता येईना. मग तो रेडिओ कानाशी धरून काय बिघडलंय ते सांगायचा आणि वाडीतली पोरं दुरुस्त करायची. १९९४ ला गेला. जन्मात कुणावर हात उगारला नाही त्याने. बांधून ठेवलं होतं ते त्यालाच.

पत्राखाली माझं नाव छापू नये, ही विनंती. मोठ्या मामाच्या नातीचं लग्न ठरतंय आणि मुलाकडची मंडळी आपलाच पेपर घेतात.

– एक निवृत्त प्राध्यापिका, जि. रत्नागिरी