फेसप्लेटवर बादली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

खंडेनवमीला बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये पूजेला गेलो होतो. लेथला, म्हणजे धातू फिरवत तासायच्या यंत्राला, झेंडूचा हार, बेडवर कुंकवाची बोटं, नारळ, सगळं यथासांग. आणि चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, ती आवळायची चावी तशीच! चाळीस वर्षं टर्नरकी केलेल्या माणसाची नजर आधी तिथंच जाते. हात जोडायच्या आधी चावी काढली.

मग जॉब, म्हणजे तासायचा तुकडा, पाहिला. पंपाचा बिडाचा ब्रॅकेट, काटकोनात वाकलेला, तीन जॉच्या, म्हणजे तीन जबड्यांच्या, चकमध्ये बांधलेला. दोन जॉ कसेबसे धरत होते, तिसऱ्याखाली भंगारातली पट्टी कोंबलेली. पोरगा म्हणाला, "काका, हळूच चालवतो." हळू म्हणजे किती, तर साडेचारशे आरपीएम, मिनिटाला साडेचारशे फेरे.

वाकड्या जॉबची एक बाजू जड असते. दोन किलोचा जास्तीचा भार मध्यापासून १०० मिमी बाहेर असला, तर शंभर आरपीएमला तो साधारण सव्वादोन किलोने बाहेर ओढतो. साडेचारशेला ४५ किलोने. वेग साडेचारपट, ओढ वीसपट. हे मी त्याला नारळाच्या पुडीवर मांडून दाखवलं. तोवर शेठ प्रसाद घेऊन आले, हिशेब अर्धाच राहिला.

तीन जॉ एकत्र सरकतात, ते गोल किंवा षटकोनी जॉबसाठी. वाकड्याला सुटे सरकणाऱ्या चार जॉचा चक, नाहीतर फेसप्लेट, म्हणजे जॉब बोल्टने बांधायची सपाट तबकडी. शेडमध्ये फेसप्लेट होती! कोपऱ्यात आडवी, वर कुलंटची, कापताना गार ठेवायच्या पाण्याची, बादली. सयाजीरावांनी १८९० साली ज्या गावात कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा काढली, त्या गावात.

मीही कधी शहाणा नव्हतो. नवखा असताना फेसप्लेटवर क्लॅम्प, म्हणजे जॉब दाबून धरणारी पट्टी, मारला तो मागचं पॅकिंग, पट्टीच्या दुसऱ्या टोकाखालचा ठोकळा, जॉबपेक्षा बुटकं ठेवून, बोल्टही जॉबपासून लांब. सगळा दाब पॅकिंगवर, जॉबवर नुसती टोकाची कड. पहिल्याच कटला कास्टिंग सुटलं. डाव्या हाताच्या मधल्या बोटाला अजून नख नाही. उस्तादांनी मलमपट्टी केली आणि दुसऱ्या दिवशी त्याच जॉबला बसवलं. पॅकिंग केसभर उंच, बोल्ट जॉबला चिकटून, जॉब आणि प्लेटच्या मध्ये वर्तमानपत्राचा कागद, म्हणजे घसरत नाही. (आपला अंक त्याही कामी येतो, राग नसावा.) मग गिअर न्यूट्रलला टाकून प्लेट हाताने फिरवायची. दरवेळी तीच बाजू खाली येऊन थांबली, तर समोरच्या बाजूला वजन बोल्टने आवळायचं. प्लेट कुठंही थांबेपर्यंत. शेवटी कापायचं टूल आणि ते सरकवणारं कॅरेज जिथवर जाणार तिथवर नेऊन हाताने पूर्ण फेरा, कुठं आपटतंय का ते बघायला. पहिला कट झाला की मशीन बंद करून सगळे नट पुन्हा तपासायचे.

या बांधणीत अर्धा दिवस जातो आणि शेठ पैसे नगावर देतात. मग पोरगा पट्टी कोंबणार नाही तर काय करेल? वाकड्या जॉबच्या बांधणीचे तास बिलात वेगळे धरा, एवढंच शेडवाल्यांना सांगणं आहे. शिकवायला मी शनिवारी दुपारी मोकळा असतो. चहा त्यांचा.

— एक निवृत्त टर्नर, दांडिया बाजार, बडोदे