रिपोर्टातल्या साध्या टायपातला आकडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१४ नोव्हेंबरला, मधुमेह दिनानिमित्त आपण काढलेली पुरवणी मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. भात किती, चालणं किती, पायांची काळजी कशी, सगळं होतं आणि चांगलं होतं. रक्तातल्या चरबीवर मात्र जेमतेम एक ओळ. आमच्या घरी संकट आलं ते नेमकं त्याच वाटेने, म्हणून हे पत्र.

ह्यांना अकरा वर्षं मधुमेह आहे. आम्ही करी रोडला राहतो, हे छापखान्यात होते. साखरेच्या बाबतीत फार शिस्तीचे. बिनसाखरेचा चहा, गणपतीत एकच मोदक, तोही नैवेद्याचा म्हणून. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.८ टक्के, म्हणजे ताब्यात. आणि तरी गेल्या वर्षी स्टेशनचा जिना चढताना हे मध्येच खाली बसले. छातीत कळ नाही, काही नाही. नुसता दम आणि दरदरून घाम. अँजिओग्राफीत दोन रक्तवाहिन्या अरुंद निघाल्या, स्टेंट घालावे लागले. मधुमेहात दुखणं असं मुकं राहू शकतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

डॉक्टरबाईंनी जुनी फाईल मागितली. ह्यांनी सगळे रिपोर्ट तारीखवार लावलेले. बाईंनी आधीच्या वर्षीच्या रिपोर्टवर बोट ठेवलं. एकूण कोलेस्टेरॉल १९९, शेजारी छापलेलं: २०० च्या आत. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ११८, शेजारी: १३० पर्यंत. दोन्ही आकडे साध्या टायपात. आपण रिपोर्ट कसा बघतो? ठळक काय आलंय तेवढं बघतो आणि घडी घालून ठेवतो. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातल्या चरबीचाच एक प्रकार, २३६ आणि चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, ३४ हे ठळक होते, पण आदल्या रात्री लग्नाचं जेवण झालं होतं, त्यामुळे असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. बाई म्हणाल्या, १९९ मधून ३४ वजा करा. १६५. रक्तवाहिन्यांत साचणारं सगळं ह्या आकड्यात येतं, आणि मधुमेह्याला हा १३० च्या आत हवा. ही वजाबाकी मला चौथीत येत होती.

का होतं असं, तेही त्यांनी समजावलं. इन्सुलिनचा प्रभाव कमी पडला की चरबीच्या पेशींतून मेद रक्तात सुटतो, यकृत त्याची ट्रायग्लिसराइड करून पुन्हा रक्तात सोडतं. त्यात एचडीएल खाली येतं आणि एलडीएलचे कण लहान, घट्ट होतात. आकडा साधारण दिसतो, पण कणांची संख्या जास्त असते, आणि ते रक्तवाहिनीच्या आतल्या थरात सहज शिरतात. म्हणून मधुमेह्याचं एलडीएल १०० च्या आत हवंच. जोडीला रक्तदाब किंवा तंबाखू असेल तर ७० च्या आत. ह्यांना रक्तदाबही आहे. म्हणजे छापलेले १३० ह्यांच्यासाठी कधी नव्हतेच.

एक चूक आमची स्वतःची, तीही सांगते. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी रात्रीची स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी, गोळी दिली होती. तीन महिन्यांत एलडीएल ८० वर आलं. ‘नॉर्मल झालं, आता कशाला?’ म्हणून हे थांबले. मोबाईलवर कोणीतरी पाठवलंच होतं, गोळीने लिव्हर जातं. डॉक्टरांना विचारलं नाही. गोळीमुळे आकडा खाली होता. ती बंद केल्यावर तो परत वर गेला.

माझी भाची औषधशास्त्र शिकते. तिने दाखवलं, ब्रिटन-आयर्लंडमध्ये २८३८ मधुमेह्यांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २००४ मध्ये छापून आला. हृदयविकार नसलेली, एलडीएल फार चढलेलं नसलेली माणसं. रोज स्टॅटिनचीच एक गोळी, १० मिलिग्रॅम अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके, पक्षाघात असे मोठे धोके ३७ टक्क्यांनी कमी झाले. फायदा इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला. हे वाचून मी त्या रात्री झोपले नाही.

लॅबवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे. रिपोर्टातल्या १३० ह्या आकड्याखाली एवढंच छापा: ‘मधुमेह असल्यास मर्यादा वेगळी, डॉक्टरांना विचारा.’ शाई किती लागेल? मंडळांच्या शिबिरांत बोटाला टोचून साखर बघतात, तिथेच वर्षातून एकदा लिपिड, म्हणजे रक्तातली चरबी, तपासून घ्या असं प्रत्येकाला सांगा. आणि आपण, संपादक महाराज, एक पान ह्या विषयाला द्या.

स्टेंट घातल्यानंतर ह्यांची एलडीएलची मर्यादा ५५ झाली आहे. फाईलच्या पहिल्या पानावर ह्यांनी ती स्वतःच्या छापील अक्षरात लिहून ठेवलीय. मागच्या महिन्यात ६३ आलं, साध्या टायपात. ह्यांनी लाल पेनाने त्याला गोल केला आणि रिपोर्ट घेऊन स्वतःहून डॉक्टरबाईंकडे गेले. बाईंनी आणखी एक गोळी जोडली आहे.

आपली नियमित वाचक,
करी रोड, मुंबई