कासवांचा डॉक्टर आणि शिराईचा उजवा

निशिकासाई, टोकियो
२० मे

प्रिय बंड्या,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. उत्तर बोलून द्यायला गेलो तर मध्येच घसा दाटला, शिवाय बायको शेजारी बसून हसायला लागली. म्हणून म्हटलं, सरळ पत्रच लिहावं. कॉलेज सुटल्यावर तुला एवढं लांब काही लिहिलंच नाही.

'सर, तुम्ही स्वतः कधी रिंगात उतरलात का?' असं तू बॉक्सिंग शिकवतोस त्या पोरीच्या बापाने भर मैदानात विचारलं आणि तू काही न बोलता पॅड गोळा करून घरी आलास. बापाचं मला काही वाटलं नाही, बाप असतातच तसे. तू गप्प बसलास याचं मात्र लागलं. आणि आता म्हणतोस, सरावाच्या शेडला कुलूप लावतो, जीवशास्त्राचा मास्तर आहे, बेडूक-झुरळंच बरी.

बरं. मग कासवं आणि कालवं यांच्यावर आयुष्य घातलेल्या एका माणसाची गोष्ट ऐक. गोष्ट खरं तर योशिओ शिराई या बॉक्सरची आहे, पण तुझ्या कामाचा माणूस त्याच्या कॉर्नरमध्ये, म्हणजे रिंगच्या कोपऱ्यात वस्ताद म्हणून, उभा आहे.

काल १९ मे होता. इथे या दिवसाला 'बॉक्सिंगचा दिवस' म्हणतात. १९५२ साली याच तारखेला शिराईने फ्लायवेटचं जगज्जेतेपद जिंकलं. जपानचा पहिला जगज्जेता बॉक्सर. आज सतरा वजनगट, प्रत्येकात चार संघटनांचे चार पट्टे, कोण कशाचा विजेता हे त्यांच्या आयांनाही सांगता येत नसेल. तेव्हा अख्ख्या जगात गट आठ आणि विजेतेही आठच. त्यातला एक हा, ५०.८ किलोच्या आतला.

शिराई टोकियोचा, जन्म १९२३चा. लहानपणी जत्रेत कांगारूशी बॉक्सिंग खेळला आणि हरला, तिथून हा नाद लागला असा किस्सा सांगतात. १९४३ साली व्यावसायिक झाला, पहिल्या आठही लढती जिंकला आणि मग नौदलात भरती. युद्ध संपून परत आला तेव्हा कंबर गेलेली. टोकियो जळून खाक, रेशनवर पोट भरायची मारामार, तिथे ठोसे मारायला अंगात ताकद कुठून येणार? हरत-जिंकत चाललं होतं, पण सोडून द्यायचा विचार पक्का होत आला होता. चोवीस वर्षांचा होता रे फक्त.

१९४८ साली जिममध्ये त्याला एका अमेरिकन माणसाने पाहिलं. डॉ. ॲल्विन कान. दोस्तांच्या सैन्याच्या मुख्यालयात, नैसर्गिक संपत्तीच्या विभागात नोकरीला. शिक्षणाने प्राणिशास्त्रज्ञ! अमेरिकेत असताना इलिनॉयच्या कासवांवर संशोधन केलेलं आणि इथे सरकारी अहवाल लिहीत होता मोत्यांच्या शेतीवर, कालवांवर आणि तिसऱ्यांवर. हो, आपण मालवणला ओरपल्या होत्या त्याच तिसऱ्या. बॉक्सिंगचा शौकीन होता, पण बॉक्सिंगचा वस्ताद म्हणावं असं त्याच्याकडे काही नव्हतं.

मग त्याला दिसलं काय? इतरांना दिसत होता तो कंबरदुखीचा, बारीक अंगाचा, संपलेला गडी. कानला दिसलं त्याचं टायमिंग आणि तो लांब, सरळ उजवा हात. तू त्या डावखुऱ्या पोरीबद्दल पहिल्यांदा फोन केला होतास तेव्हा काय म्हणाला होतास आठवतं? 'हात नाही रे, आधी तिचा खांदा बघ.' तू तिच्या खांद्याचं हाड कसं फिरतं यावर मला वीस मिनिटं पिडलं होतंस. माझा चहा गार झाला होता.

कानने काय केलं ते ऐक, कारण हेच तुला जमतं. आधी खुराक. आपल्याकडे पैलवान घरात घ्यायचा म्हणजे दूध-तूप-बदामाची सोय आधी बघतात ना, तसंच. उपाशी शहरात या बाबाने शिराईला अंडी, मांस, दूध असं स्वतःच्या वाट्याचं खाऊ घातलं. मग विश्रांती, मग सराव, तोही मोजूनमापून. आणि तिसरं म्हणजे त्याने खेळच बदलला. जपानमध्ये त्याआधीचा मोठा हिरो 'पिस्टन' होरिगुची. नावातच सगळं आलं. पुढे घुसायचं, चार खायचे, पाच द्यायचे. पब्लिक वेडं व्हायचं. कानचं म्हणणं उलटं होतं. मार खायचाच कशाला? अंतर राख, सरळ मार, बाजूला हो. जीवशास्त्रवाल्याला शरीर किती दिवस टिकणार याची काळजी असणारच. मला तरी त्यात धाडस दिसतं, कारण मार खाण्यालाच मर्दपणा समजणाऱ्या लोकांत तो हे शिकवत होता.

१९४९ साली शिराई जपानचा फ्लायवेट विजेता झाला, त्याच वर्षी वरच्या बँटमवेटचाही. मग समोर आला डॅडो मारिनो, हवाईचा, जगज्जेता आणि त्या वयात आजोबा झालेला! १९५१ मध्ये किताब पणाला न लावता दोघे दोनदा खेळले. टोकियोत शिराई थोडक्यात हरला, होनोलुलूत त्याने मारिनोला सातव्या राउंडात संपवलं. आता किताबाची लढत द्यावीच लागणार होती. पण देशात बॉक्सिंगचं धड मंडळच नाही, मान्यता कोण देणार? म्हणून एप्रिल १९५२ मध्ये घाईघाईने जपान बॉक्सिंग कमिशन उभं राहिलं. एका माणसाच्या एका लढतीसाठी!

आणि तारखा बघ. २८ एप्रिलला अमेरिकेचा ताबा संपला, जपान पुन्हा स्वतंत्र. १९ मेला लढत, म्हणजे मोजून एकवीस दिवसांनी. कोराकुएनच्या बेसबॉल मैदानात मधोमध रिंग टाकली होती आणि भोवती चाळीस हजारांच्या आसपास माणसं. त्यातल्या बहुतेकांच्या घरात युद्धात कुणी ना कुणी गेलेलं. आणि त्यांच्या पोराच्या कॉर्नरमध्ये बादली-टॉवेल घेऊन उभा कोण, तर कालपर्यंतच्या शत्रूचा माणूस. तू स्वतःसाठी खेळू नकोस, हरलेल्या देशाला उभं राहायला कारण दे, असं कानने त्याला सांगितल्याचं सांगतात. पंधरा राउंड चालली लढत. मध्ये एकदा मारिनोच्या डाव्या हुकने शिराईचे पाय लटपटले, पण सावरला आणि पॉइंट्सवर जिंकला.

आता तू म्हणशील, आपल्या खाशाबांचंही सालच १९५२. अरे, तेच तर! मे महिन्यात हे झालं आणि जुलैत हेलसिंकीच्या ऑलिंपिकला खाशाबांनी कुस्तीत ब्राँझ घेतलं. त्या गटातलं सुवर्ण कुणाचं? शोहाची इशीचं, जपानचंच. आपल्या गोळेश्वरच्या गड्याला त्याने हरवलं होतं. इथे ऑफिसात एका वयस्कर सहकाऱ्याला मी हे सांगितलं तर तो उठून उभा राहिला आणि वाकून नमस्कार केला. मला कळेना काय करावं, मीही वाकलो. आणि खाशाबांना धाडायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं, हे तुला मी सांगायला नको. दरवर्षी पोरांना तूच सांगतोस. खर्डेकरांना कुणी विचारलं नाही, तुम्ही कधी लंगोट लावला होता का म्हणून.

पुढचं थोडक्यात. शिराईने किताब चार वेळा राखला. मग अर्जेंटिनाचा पास्क्वाल पेरेझ आला, उंचीने जेमतेम दीड मीटर, पण १९४८च्या ऑलिंपिकचं सुवर्ण गळ्यात. ब्युनोस आयर्सला बरोबरी झाली. नोव्हेंबर १९५४ मध्ये टोकियोत त्याने शिराईचा किताब नेला आणि पुढच्या मे महिन्यात परतीच्या लढतीत पाचव्या राउंडात आडवं केलं. शिराईने तिथेच ग्लोव्हज उतरवले. लांब हाताच्या माणसाला बुटक्याने आत घुसून मारलं, म्हणजे कानचं शास्त्रही सगळ्यांवर चाललं नाही. हे मुद्दाम लिहितोय, नाहीतर म्हणशील तुला चढवायला गोष्ट रंगवली. जपानला दुसरा जगज्जेता मिळायला शिराईचा किताब गेल्यापासून जवळजवळ आठ वर्षं लागली, १९६२ साली, एकोणीस वर्षांचा फायटिंग हाराडा.

मला खरी आवडते ती पुढची गोष्ट. कान अमेरिकेला परत गेलाच नाही. मूलबाळ नव्हतं. म्हातारपणी त्याची स्मृती गेली, तेव्हा शिराई आणि त्याच्या बायकोने त्याला सांभाळलं, १९७१ साली तो जाईपर्यंत. ज्याने एकेकाळी स्वतःच्या ताटातलं दिलं, त्याला भरवायची वेळ या दोघांवर आली. यावर जास्त लिहीत नाही. तुझे अण्णा शेवटी कुणाला ओळखत नव्हते, तेव्हा तू काय काय केलंस ते मी पाहिलंय.

शिराईने १९९५ मध्ये ओकिनावाच्या योको गुशिकेन या माजी जगज्जेत्या बॉक्सरबरोबर जिम काढली आणि २००३ साली तो गेला. त्याच जिमचा दाइगो हिगा २०१७ मध्ये जगज्जेता झाला, तोही फ्लायवेटमध्येच.

ते जुनं स्टेडियम आता नाही. शेजारी टोकियो डोम आहे आणि त्याच आवारात एका इमारतीच्या पाचव्या मजल्यावर कोराकुएन हॉल. गेल्या आठवड्यात तिथे गेलो होतो. लिफ्टला गर्दी म्हणून जिन्याने चढलो. भिंती वरपासून खालपर्यंत लोकांनी लिहून भरवल्यात, कुणाला शिव्या, कुणाला शाबासकी. पहिलीच लढत चार राउंडांची, दोन नवखी पोरं. माझ्या बाजूच्या कॉर्नरला साठीचा एक माणूस होता, पोट सुटलेलं, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. घंटा झाली की स्टूल ठेवायचा, पोराच्या तोंडातलं गार्ड काढून बाटलीच्या पाण्याने धुवायचा, मानेवर बर्फाची पिशवी धरायचा आणि पोराच्या डोळ्यांत बघून दोनच शब्द बोलायचा. तिसऱ्या राउंडानंतर तेही बोलला नाही, नुसता त्याच्या भुवईला व्हॅसलिन लावत राहिला. पोरगं हरलं. उतरताना दोरी उचलून त्याने त्याला आधी जाऊ दिलं.

तो माणूस कधी खेळला होता की नाही, कोण जाणे. मला विचारावंसंही वाटलं नाही.

जिन्याच्या भिंतीचा फोटो पाठवतोय, शेडमध्ये लाव. दोन जोड हँडरॅप आणि एक चांगलं माउथगार्ड कुरियरने निघालंय, कऱ्हाडला पोचायला दहाएक दिवस लागतील. ते गरम पाण्यात बुडवून दातांवर बसवायचं असतं, पोरीला उलट्या बाजूने चावायला देऊ नकोस. तिचं आत्ताचं वजन कळव, आणि बापालाही एकदा शेडमध्ये बोलावून पॅड धरायला लाव. हात झिणझिणले की बोलेल नीट.

वहिनींना नमस्कार, चिंगीला पापा.

तुझाच,
पम्या